ईबीटी-एक्सडी फिल्म : मेंदूच्या रेडिओसर्जरीत मात्रा आणि जागा एकत्र तपासणारे साधन

मेंदूतील लहान गाठींवर रेडिओसर्जरी, म्हणजे सुरीऐवजी किरणांच्या नेमक्या झोताने उपचार, करताना एकाच बैठकीत दिली जाणारी मात्रा इतकी मोठी असते आणि गाठीच्या कडेबाहेर ती इतक्या झपाट्याने उतरते की, यंत्राने ठरल्याप्रमाणे किरण दिले का हे तपासणारे साधनही तितकेच बारीक असावे लागते. गॅफक्रोमिक ईबीटी-एक्सडी ही रेडिओक्रोमिक, म्हणजे किरण पडले की आपोआप रंग बदलणारी, फिल्म आमच्या विभागात या कामासाठी नियमित वापरात आहे. त्याआधी तिचीच थोरली बहीण ईबीटी-३ वापरात होती, आणि हे परीक्षण या दोन्हींच्या अनुभवावर आधारलेले आहे. निष्कर्ष आधीच नोंदवून ठेवणे बरे. मिलिमीटरहून लहान अंतरावर मात्रा आणि जागा ही दोन्ही एकाच मापनात दाखवणारे याहून चांगले साधन माझ्या माहितीत नाही. मात्र फिल्ममधून केवळ 'आकार जुळला' एवढेच काढून घेणाऱ्या विभागाने ती घेतली काय आणि न घेतली काय, सारखेच आहे.

अपेक्षा किती बारीक आहेत हे आकड्यांवरून लवकर कळते. मेंदूत पसरलेल्या कर्करोगाच्या गाठींसाठी आरटीओजी या अमेरिकी संशोधन-गटाच्या ९०-०५ या अभ्यासातून आलेल्या मात्रा आजही संदर्भ म्हणून वापरल्या जातात: २० मिमीपर्यंतच्या गाठीला २४ ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक), २१ ते ३० मिमीसाठी १८ ग्रे आणि ३१ ते ४० मिमीसाठी १५ ग्रे. आता एक साधा हिशेब मांडू. समजा, गाठीच्या कडेवर २० ग्रे द्यायचे ठरले आणि ती कड ७० टक्क्यांच्या आयसोडोस रेषेवर, म्हणजे कमाल मात्रेच्या ७० टक्के मात्रेचे बिंदू जोडणाऱ्या रेषेवर, धरली, तर गाठीच्या मध्यभागी मात्रा साधारण २८.६ ग्रे होते. कडेच्या बाहेर ३ मिमीवर ती १० ग्रेपर्यंत उतरत असेल, तर उतार दर मिलिमीटरला सुमारे ३.३ ग्रे झाला. म्हणजे सगळे वितरण नुसते अर्धा मिलिमीटर सरकले, तरी एका बाजूच्या कडेला सुमारे १.७ ग्रे कमी आणि समोरच्या बाजूला तितकेच जास्त पडतात. ठरलेल्या मात्रेच्या मानाने हा फरक आठ टक्क्यांच्या आसपास आहे. शेजारी दृष्टिचेता किंवा मेंदूस्तंभ असेल, तर या आठ टक्क्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. म्हणूनच या उपचारात मात्रेची चूक आणि जागेची चूक असे दोन कप्पे करता येत नाहीत. कडेवर दोन्ही चुका एकच होऊन समोर येतात.

आयन चेंबर, म्हणजे किरणांमुळे हवेत तयार होणारा विद्युतभार मोजणारा मापक, हे मात्रामापनाचे सर्वांत विश्वासाचे साधन, पण ते इथे का अपुरे पडते हे समजल्याशिवाय फिल्मचे मोल कळत नाही. किरणक्षेत्र काही मिलिमीटरांवर आले की तीन गोष्टी एकदम घडतात. क्षेत्राच्या कडांकडे बाहेर जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांची भरपाई आत येणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी होत नाही, त्यामुळे विद्युतभारित कणांचा समतोल मोडतो; किरणझोताला आकार देणारा कॉलिमेटर इतका आवळलेला असतो की किरणस्रोताचा काही भागच त्याआड जातो; आणि मापकाचे आकारमान क्षेत्राच्या मानाने मोठे असल्याने तो मध्यभागाची उंच मात्रा आणि आजूबाजूची कमी मात्रा एकत्र मिसळून सरासरी दाखवतो. जाड टोकाच्या बोरूने बारीक अक्षर काढावे, तशी ही गत होते. नेहमीचे ०.६ घनसेंटिमीटरचे फार्मर चेंबर १० × १० सेंटिमीटरच्या क्षेत्रात उत्तम काम देते. तेच ६ मिमीच्या क्षेत्रात ठेवले तर वाचन खऱ्यापेक्षा बरेच कमी येते. हे कमी वाचन उपचाराची आखणी करणाऱ्या नियोजन-प्रणालीत भरले गेले की, यंत्र कमी किरण देते असा तिचा समज होतो आणि ती प्रत्येक रुग्णासाठी जास्त मॉनिटर युनिट (यंत्राने किती किरण सोडायचे याचे माप) मागते.

हे केवळ कागदावरचे भय नव्हे. फ्रान्समधील तुलूझ येथे २००६ ते २००७ या काळात १४५ रुग्णांवर झालेले उपचार अशाच चुकीमुळे बाधित झाले. लहान क्षेत्रांच्या मोजणीसाठी अयोग्य मापक वापरला गेला होता. अमेरिकेत मिसूरी राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे २००४ ते २००९ या काळात ७६ रुग्णांना ठरल्यापेक्षा सुमारे ५० टक्के जास्त मात्रा गेली, आणि तिथेही मूळ कारण यंत्र सुरू करताना वापरलेले चुकीचे चेंबर हेच होते. दोन्ही ठिकाणी यंत्र बिघडलेले नव्हते, नियोजन-प्रणालीचे गणितही चुकलेले नव्हते. पायाच्या मोजणीत शिरलेली चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात निमूटपणे वाहत गेली. या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि अमेरिकन वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांची संघटना यांनी मिळून २०१७ मध्ये टीआरएस-४८३ ही मार्गदर्शिका काढली, आणि तीत मापकागणिक व क्षेत्रागणिक दुरुस्ती-गुणक दिले. प्रत्येक विभागाने ती वापरावी हे उघडच आहे. तरीही ज्या मापकाला मोठी दुरुस्ती लागते, त्याच्याच जोरावर उभारलेल्या आकड्यांची तपासणी दुसऱ्या, मुळातूनच वेगळ्या साधनाने व्हावी असा माझा आग्रह आहे, आणि फिल्म नेमकी ती जागा भरते.

फिल्मची रचना साधी आहे. १२५ मायक्रॉन जाडीच्या पॉलिएस्टरच्या दोन पडद्यांमध्ये सुमारे २५ मायक्रॉनचा संवेदनशील थर असतो. ईबीटी-३ मध्ये तो २८ मायक्रॉनचा असतो. किरण पडले की थरातील सूक्ष्म स्फटिकांमध्ये रेणूंच्या साखळ्या तयार होतात आणि फिकट पिवळसर हिरवी पट्टी गडद होत जाते. धुलाई, रसायने, अंधारी खोली यांपैकी काहीच लागत नाही. घटकद्रव्ये ऊतींशी जवळीक राखणारी असल्याने फिल्म किरणांच्या वाटेत फारशी ढवळाढवळ करत नाही, आणि सपाटीकरण फिल्टर काढलेल्या किरणांच्या चढ्या मात्रादरानेही तिचा प्रतिसाद लक्षणीय बदलत नाही. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांपासून ६ एमव्हीच्या एक्स-किरणांपर्यंत ऊर्जेचा परिणामही नगण्य असतो. म्हणून गॅमा नाइफ (कोबाल्टच्या गॅमा किरणांवर चालणारे यंत्र) आणि लिनॅक (एक्स-किरण तयार करणारे प्रवेगक यंत्र) या दोन्ही पद्धतींच्या विभागांना ती सारखीच चालते.

ईबीटी-३ सोडून ईबीटी-एक्सडीकडे वळण्याचे कारण मात्रेच्या पल्ल्यात आहे. ईबीटी-३ उत्तम काम करते ती साधारण १० ग्रेपर्यंत. त्यापुढे स्कॅनच्या लाल रंगवाहिनीतील रंग व मात्रा यांचा वक्र सपाट होत जातो, आणि रंगातील बारीकशा फरकामागे मात्रेचा मोठा फरक दडतो. एक्सडीचा उपयुक्त पल्ला ०.४ ते ४० ग्रे असा आहे. कडेवर २० ग्रे आणि तीच ५० टक्क्यांची रेषा, असे नियोजन असेल तर कमाल मात्रा ४० ग्रे होते, आणि एक्सडी ती कशीबशी का होईना, पण तशीच्या तशी मोजू देते. ईबीटी-३ वर हेच करायचे तर नियोजनातील मॉनिटर युनिट आधी एक-तृतीयांश किंवा एक-चतुर्थांश करून घ्यावे लागतात. ती वाट आम्ही बराच काळ धरली होती, पण मला ती कधी पटली नाही. मॉनिटर युनिट कमी केले की किरणस्रोत घेऊन कंसात फिरणाऱ्या गँट्रीचा वेग आणि मात्रादर यांचा मेळ बदलतो, म्हणजे रुग्णाला जे दिले जाणार आहे त्यापेक्षा निराळेच काहीतरी तपासले जाते. एक्सडीमुळे रुग्णाचे नियोजन जसेच्या तसे चालवता येते. तिच्या बाजूने हाच सर्वांत मोठा मुद्दा आहे. दुसरा लाभ असा की तिचे स्फटिक आखूड असल्याने स्कॅनरवर मध्यापासून दूर जाताना येणारी चूक तिच्यात कमी असते. उलट बाजूही सांगितली पाहिजे: एक ग्रेच्या खालच्या मात्रांसाठी ईबीटी-३ अधिक संवेदनशील आहे, आणि दूरवरच्या निरोगी मेंदूतील अल्प मात्रा मोजायच्या असतील तर एक्सडी घेऊ नये.

आता ज्या गुणासाठी मी ही फिल्म उचलून धरतो त्याकडे येतो. फिल्मचे कॅलिब्रेशन मोठ्या क्षेत्रात होते. 'घन पाण्याच्या', म्हणजे किरणांना पाण्यासारखा प्रतिसाद देणाऱ्या प्लास्टिकच्या, पाट्यांमध्ये, १० × १० सेंटिमीटरच्या क्षेत्रात, ज्याची मात्रा फार्मर चेंबरने खात्रीपूर्वक ठाऊक आहे अशा ठिकाणी तुकडे ठेवून त्यांना शून्यापासून अपेक्षित कमाल मात्रेच्या थोडे वरपर्यंत टप्प्याटप्प्याने किरण दिले जातात आणि रंग व मात्रा यांचा वक्र काढला जातो. या सगळ्यात लहान क्षेत्राचा, त्याच्या आउटपुट गुणकाचा (मोठ्या क्षेत्राच्या मानाने लहान क्षेत्रात किती मात्रा मिळते ते प्रमाण) किंवा मापकाच्या दुरुस्तीचा कुठेच संबंध येत नाही. मग तोच वक्र ५ मिमीच्या कोनखाली (झोत बारीक करणाऱ्या शंक्वाकार नळीखाली) ठेवलेल्या तुकड्याला लावला की जी मात्रा हाती येते, ती नियोजन-प्रणालीच्या पायातील मोजणीपासून स्वतंत्र असते. संवेदनशील थर पातळ असल्याने आकारमानाच्या सरासरीचा प्रश्न उरत नाही. वाचनाचा बारीकपणा स्कॅनच्या घनतेवर ठरतो, आणि १५० डीपीआयला एक ठिपका ०.१७ मिमीचा असतो. तुलूझसारखी चूक पकडण्याची ताकद अशा साधनात असते. रोजच्या तपासणीत चेंबर आणि नियोजन एकमेकांशी जुळले, तर ते दोघेही एकाच चुकीवर उभे असू शकतात; मोठ्या क्षेत्रात कॅलिब्रेट केलेली फिल्म मात्र त्यांच्यात सामील नसते.

हा गुण टिकतो तो स्कॅनरच्या शिस्तीवर, आणि फिल्मबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळही तिथेच सापडते. सपाट काचेचा, पारगामी प्रकाशात स्कॅन करणारा स्कॅनर लागतो. प्रत्येक रंगवाहिनी १६ बिटांत वाचायची आणि रंग-सुधारणेचे सगळे पर्याय बंद ठेवायचे. दिवा स्थिरावावा म्हणून आधी काही रिकामे स्कॅन घ्यायचे. तुकडा काचेच्या मधोमध, किरण देण्याआधीच्या स्कॅनमध्ये होता त्याच जागी आणि त्याच दिशेने ठेवायचा, कारण फिल्म नव्वद अंशांनी फिरवली की स्फटिकांच्या रचनेमुळे तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवीकरण बदलते आणि वाचनही बदलते. म्हणून फिल्मचा पूर्ण पत्रा कापण्याआधीच प्रत्येक तुकड्याच्या एका कोपऱ्यावर, पत्र्याच्या लांब बाजूला समांतर, बारीक बाण काढून ठेवण्याची सवय प्रत्येक नव्या सहकाऱ्याला लावावी. एकदा कापल्यावर चौकोनी तुकड्याची मूळ दिशा डोळ्यांनी ओळखता येत नाही. फिल्म किंचित वाकलेली असते आणि काचेपासून थोडी जरी उचलली गेली तरी वाचन ढळते, तेव्हा वरून स्वच्छ काचेची पाटी दाबून ठेवावी. कापताना कात्रीऐवजी धारदार पाते वापरावे, कारण कात्रीने कडेचे थर सुटतात आणि पांढुरकी पट्टी आत सरकते. लहान तुकड्यात ही पट्टी थेट मोजणीच्या भागात येऊन बसते.

वेळेचा मुद्दाही असाच आहे. किरण थांबल्यानंतरही थरातील साखळ्या काही काळ वाढत राहतात, पहिल्या काही तासांत वेगाने आणि नंतर मंद गतीने. उत्पादनासोबत सामान्यतः २४ तास थांबण्याचा सल्ला मिळतो, आणि घाई नसेल तर तोच पाळावा. पण रुग्ण दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर येणार असेल, तर ती सवलत नसते. अशा वेळी संदर्भ-तुकड्यांना ज्ञात मात्रा देऊन तेही त्याच स्कॅनमध्ये शेजारी ठेवण्याची पद्धत उपयोगी पडते: तपासणीचा तुकडा आणि संदर्भ-तुकडा यांना किरण देण्यात जितके अंतर पडले असेल, त्याच्या किमान चौपट वेळ थांबून स्कॅन केला की वाढीमुळे येणारी चूक अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. दोन्ही तुकड्यांत दहा मिनिटांचे अंतर असेल, तर चाळीस मिनिटांत विश्वासार्ह निकाल हाती येऊ शकतो. त्याच संदर्भ-तुकड्यांवरून स्कॅनरचा त्या दिवसाचा कलही वक्रात दुरुस्त होतो. प्रत्येक खोक्याच्या लॉटसाठी वेगळा वक्र लागतो, हे मात्र टळत नाही, आणि जुन्या लॉटचा वक्र नव्याला लावण्याचा मोह कितीही झाला तरी तो आवरावा. तिन्ही रंगवाहिन्या एकत्र वापरणाऱ्या पद्धतीने थराच्या जाडीतील चढउतार आणि धूळ यांचा परिणाम बराच कमी होतो. एवढी सगळी काळजी घेतल्यावर मात्रेतील अनिश्चितता दोन-तीन टक्क्यांच्या घरात राहते; ती घेतली नाही, तर पाच-सात टक्क्यांची चूक अगदी सहज होते आणि तिचे खापर फिल्मवर फुटते.

जागेच्या बाबतीत फिल्म तितकीच सरस आहे, अट एवढीच की तिच्यावर खूण नेमकी हवी. गॅमा नाइफच्या १६ सेंटिमीटर व्यासाच्या गोल फँटममध्ये (रुग्णाच्या डोक्याच्या जागी ठेवायच्या प्रतिकृतीत) किंवा फिल्मसाठीच्या खास उपकरणात यंत्राच्या यांत्रिक मध्याशी बारीक सुई फिल्मला भोक पाडते, आणि मग किरणांच्या डागाचा मध्य त्या भोकापासून किती दूर पडला हे मोजले जाते. एवढ्याशा भोकात यंत्राची भूमिती आणि किरणांची भूमिती समोरासमोर येतात, आणि दोन्हींतील अंतर मिलिमीटरच्या दशांशांत वाचता येते. लिनॅकवर डोक्याच्या आकाराच्या फँटममध्ये फिल्म बसवून सीटी, नियोजन, शंकूच्या आकाराच्या किरणांचा सीटी, टेबलाची दुरुस्ती आणि शेवटी किरण अशी पूर्ण साखळी चालवता येते. हीच शेवटपर्यंतची तपासणी माझ्या लेखी सर्वांत मोलाची. विन्स्टन-लुट्झ चाचणी गँट्री, कॉलिमेटर आणि टेबल यांचे केंद्र पाहते. फिल्मसह केलेली ही तपासणी त्यापुढे जाऊन त्या केंद्रावर नेमकी किती मात्रा पडली हेही सांगते.

एकाच केंद्रावरून अनेक गाठींवर एकत्र उपचार करण्याची पद्धत रुळल्यापासून हा गुण अधिकच कामाला येतो. केंद्रापासून ६० मिमी दूर असलेल्या गाठीसाठी डोके एका अंशाने जरी वळले, तरी जागा १ मिमीहून थोडी अधिक सरकते, आणि केंद्रावर घेतलेल्या मोजणीत या चुकीचा मागमूसही लागत नाही. फिल्मचा पत्रा २०.३ × २५.४ सेंटिमीटरचा असल्याने दूरच्या दोन गाठी एकाच प्रतलात घेऊन दोन्हींचे सरकणे शेजारीशेजारी पाहता येते. डायोड किंवा द्रव भरलेल्या चेंबरांच्या जाळीच्या मापकांना हे सहसा जमत नाही, कारण त्यांचा बारीक अंतराचा भाग काही सेंटिमीटरांचाच असतो.

जाळीच्या मापकांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण बहुतेक विभागांपुढची खरी निवड फिल्म की जाळी अशीच असते. रेडिओसर्जरीसाठी बनवलेल्या जाळ्यांमध्ये दोन मापकांतील अंतर साधारण २.५ मिमी असते. निकाल लगेच पडद्यावर येतो, स्कॅनर नाही, थांबणे नाही, आणि दिवसात अनेक नियोजने तपासायची असतील तर हा लाभ खरोखरच मोठा आहे. पण ५ मिमीच्या गाठीच्या उंच मात्रेच्या भागात अशा जाळीचे फार तर चार मापक येतात. बाकीचे शेकडो मापक मंद उताराच्या, कमी मात्रेच्या प्रदेशात पसरलेले असतात, आणि तिथे नियोजनाशी जुळणे तुलनेने सोपे असते. मग ९८ टक्के बिंदू उत्तीर्ण झाल्याचा जो आकडा अहवालात दिसतो, त्यात गाठीचा वाटा किती, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो. १५ मिमीहून मोठ्या गाठींसाठी मी जाळी आनंदाने वापरेन. त्याहून लहान गाठींसाठी मात्र फिल्मच.

गॅमा चाचणीतही सावध राहावे लागते. ही चाचणी मात्रेतील फरक आणि अंतरातील फरक यांना एकत्र तोलून प्रत्येक बिंदूला उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण ठरवते. अमेरिकन वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या टीजी-२१८ या २०१८ च्या अहवालाने सर्वसाधारण किरणोपचारांसाठी ३ टक्के व २ मिमी हे निकष आणि ९५ टक्क्यांची अपेक्षा सुचवली आहे. वर मांडलेल्या हिशेबात २ मिमीचा अर्थ ६.६ ग्रे होतो. इतकी सूट दिल्यावर कड कुठेही पडली तरी बिंदू उत्तीर्ण होतात. त्यामुळे मेंदूच्या रेडिओसर्जरीसाठी अंतराचा निकष १ मिमीच्या वर जाऊ देऊ नये, आणि टक्केवारीसोबत मध्यातून काढलेले आडवे व उभे मात्राछेद (त्या रेषेवर मात्रा कशी बदलते याचे आलेख) डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अहवालावर सही करू नये असे माझे ठाम मत आहे.

याहून गंभीर बाब फिल्मची नसून फिल्मसोबत वापरल्या जाणाऱ्या विश्लेषण-सॉफ्टवेअरची आहे. आमच्याकडे आलेल्या एका सॉफ्टवेअरमध्ये मोजलेले वितरण आणि नियोजित वितरण कमाल मात्रेवर एकसारखे करून, म्हणजे नॉर्मलाइझ करून, मगच तुलना करण्याचा पर्याय सुरुवातीपासूनच चालू होता, आणि अहवालाच्या छापील पानावर त्याचा उल्लेख नव्हता. एक निकाल इतका स्वच्छ जुळला की मात्राछेदांच्या रेषा एकमेकींवर बसल्या. पर्याय बंद करून तोच तुकडा पुन्हा तपासला, तेव्हा मध्यभागी सहा टक्क्यांची तफावत उघडी पडली, जी आधी शून्य दिसत होती. कारण शोधता ते त्या कोनच्या आउटपुट गुणकात निघाले. नॉर्मलाइझ करणे हे आकार तपासताना गैर नाही, पण आकार जुळला म्हणून मात्रा जुळली असे मानणे म्हणजे फिल्म ज्या कामासाठी घेतली तेच काम तिच्याकडून काढून घेणे होय. म्हणून आमच्या विभागात प्रत्येक अहवालावर मूळ मात्रा ग्रेमध्ये, काहीही न बदलता, आधी छापली जाते. सरकवून किंवा नॉर्मलाइझ करून काढलेला निकाल हवाच असेल तर तो त्याखाली, किती सरकवले आणि कितीने गुणले हे लिहून.

फिल्मच्या मर्यादाही तितक्याच उघडपणे मांडल्या पाहिजेत. ती एकाच प्रतलात बोलते, त्यामुळे प्रतल चुकीचे निवडले तर सर्वांत महत्त्वाची कड तिच्या बाहेर राहते. गाठ आणि जपायचा अवयव एकाच प्रतलात येतील अशी मांडणी करण्यात बरेचदा अर्धा तास जातो, आणि तो वेळ वाया गेला असे समजू नये. एकदा वापरलेला तुकडा पुन्हा वापरता येत नाही. उष्णता आणि सूर्यप्रकाश यांपासून तो जपावा लागतो. फँटमच्या तपासणीत गाठ सीटीवर दिसते, तर रुग्णाची गाठ बहुतेकदा एमआरआयवर आखलेली असते. एमआरआयच्या चित्रातील विकृती आणि दोन चित्रे जुळवतानाची चूक फिल्मच्या निकालात येत नाही, आणि फिल्म उत्तीर्ण झाली म्हणून त्या चुका नाहीत असे कुणी धरून चालू नये. आणि सर्वांत मोठी मर्यादा माणसांची: स्कॅनची शिस्त पाळणारा प्रशिक्षित फिजिसिस्ट रजेवर गेला की फिल्मचे निकाल विस्कळीत होतात, हे अनेक विभागांत घडते. उत्पादनासोबत येणारी माहितीपत्रके या बाबतीत फारच त्रोटक आहेत. तुकडे कापणे, दिशा आणि थांबण्याचा वेळ यांविषयी त्यांत अधिक सविस्तर लिहायला हवे होते. अमेरिकन संघटनेचा टीजी-२३५ हा २०२० चा अहवाल ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो, आणि फिल्मचे पहिले खोके उघडण्याआधी तो संपूर्ण वाचावा.

लहान आकाराच्या हिऱ्याच्या मापकाशी तुलना करायची तर, ०.००४ घनमिलिमीटर आकारमानाचा तो मापक बिंदूची मात्रा झटपट आणि पुनःपुन्हा सारखी देतो, पण कड कुठे आहे हे सांगण्यासाठी त्याला पाण्याच्या टाकीत एकेक पाऊल सरकवत न्यावे लागते, आणि रुग्णाच्या नियोजनासाठी ते शक्य नसते. आउटपुट गुणकांसाठी हिरा आणि फिल्म दोन्ही वापरून त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत. दोन-तीन टक्क्यांत जुळले तर पुढे जावे, न जुळले तर रुग्ण घेण्याआधी कारण शोधावे.

ज्या विभागात १५ मिमीहून लहान गाठींवर उपचार होतात, ५ किंवा ६ मिमीचे कोन वापरात आहेत, किंवा एका केंद्रावरून अनेक गाठी घेतल्या जातात, तिथे ईबीटी-एक्सडी असलीच पाहिजे असे मी म्हणेन. जाळीचे मापक असेल तरीही. कमाल मात्रा १० ग्रेच्या आत राहणारे, अनेक बैठकांत विभागलेले उपचारच होत असतील, तर ईबीटी-३ पुरेशी आहे आणि अल्प मात्रेत ती अधिक चांगली. स्कॅनर आणि त्यावर शिकलेला माणूस यांची सोय होणार नसेल, तर खरेदी थोडी पुढे ढकलून आधी ती सोय करावी. खोक्यातील २५ पत्र्यांपैकी पहिले दोन-तीन कॅलिब्रेशनसाठी, एक संपूर्ण पत्रा स्कॅनरच्या मध्यापासून कडेपर्यंतचा फरक मोजण्यासाठी आणि एक अजिबात किरण न देता, त्याच खोक्यात, पार्श्वभूमीच्या संदर्भासाठी राखून ठेवावा. लॉट संपेपर्यंत तो शेवटचा पत्रा दर महिन्याला स्कॅन करत राहिले की फिल्म जुनी होत चालली आहे की स्कॅनर, हे वेगळे ओळखता येते.